चष्मा लावूनही दिसत नाही, मग लावायचाच कशाला?

परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून एका आईनं लिहिलं आहे. मुलगी सहा वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत. दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं. उजवा डोळा झाकून वाचायला लावल्यावर लेकरू गप्पच झालं. पुढं शहरात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तीन दिवस डोळ्यांत मलम घालायला लावून पुन्हा तपासलं. नंबर निघाला उजव्याचा +१, डाव्याचा +५. चष्मा लावून उजवा डोळा सहा बाय सहा, म्हणजे पूर्ण नजर. डावा मात्र चष्म्यानंही सहा बाय चोवीस, म्हणजे निरोगी डोळ्याला चोवीस मीटरवरून दिसणारं अक्षर त्याला सहा मीटरवरूनच दिसतं. "डावा डोळा आळशी आहे. चष्मा दिवसभर राहू द्या, दोन महिन्यांनी या," एवढं सांगून डॉक्टरांनी पुढचा पेशंट आत घेतला.

आता घरात रोज कटकट आहे. नवरा म्हणतो, चष्मा लावूनही दिसत नाही म्हणजे नंबरच चुकलाय. वर म्हणतो, मलाही लहानपणापासून डाव्या डोळ्यानं कमी दिसतं, माझं काय अडलं? सासूबाई म्हणतात, पोरीच्या जातीला आत्तापासून चष्मा लागला तर जन्मात सुटायचा नाही, उद्या सोयरीक कशी जुळेल. गाजर खाऊ घाला. लेक स्वतः चष्मा काढून दप्तरात ठेवते आणि 'चष्म्याशिवायच चांगलं दिसतं' म्हणते. वर्गातली पोरं 'ढापणी' म्हणून चिडवतात. आईचे प्रश्न असे: अठरा वर्षांची झाल्यावर ऑपरेशननं नंबर जातो म्हणतात, तोवर थांबलं तर चालेल का? गरोदरपणात ग्रहण पाळलं नव्हतं, लेकीच्या हातात मोबाईलही द्यायचे, त्यामुळं तर हे झालं नसेल? आणि पुढच्या महिन्यात दिराचं लग्न आहे, तेवढे चार दिवस चष्मा काढून ठेवला तर चालेल का?

ताई,

तुमच्या यजमानांचा प्रश्न आधी घेते. तो रास्त आहे. ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून काम करताना कितीतरी बापांनी मला तोच विचारला. आपल्या सगळ्यांचा चष्म्याचा अनुभव चाळिशीचा. चष्मा डोळ्यावर चढवला की सुईत दोरा जातो, काढला की जात नाही. म्हणून चष्मा म्हणजे लगेच दाखवणारी वस्तू, असं मनात पक्कं बसलेलं असतं. तुमच्या लेकीच्या चष्म्याचं काम वेगळं आहे. तो तिचं औषध आहे, आणि औषधाला दिवस लागतात.

आपण बघतो ते डोळ्यानं आणि मेंदूनं मिळून. डोळा चित्र पाठवतो आणि ते ओळखायला मेंदू लहानपणी शिकतो. तुमच्या लेकीच्या डाव्या डोळ्याचा नंबर उजव्यापेक्षा कितीतरी जास्त. जन्मापासून उजव्याकडून स्वच्छ चित्र येत गेलं, डाव्याकडून पुसट. मेंदूनं उजव्यावर भागवलं आणि डाव्याचं ऐकणंच सोडून दिलं. डोळा वरून अगदी निरोगी, तिरळाही नाही, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. ज्या लेकराच्या कानावर शब्दच नीट पडला नाही ते बोलायला शिकत नाही, तसं हे. चष्मा लावला तेव्हा शब्द पहिल्यांदा नीट कानावर पडायला लागला. त्याच दिवशी लेकरू घडाघडा बोलेल का? पण रोज कानावर पडत राहिला तर काही महिन्यांत बोलू लागेल.

मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही आठवडे बंद ठेवला तर मेंदूतली त्या डोळ्याची जागा दुसरा डोळा बळकावतो, हे ह्यूबेल आणि वीझल या दोन शास्त्रज्ञांनी दाखवलं. १९८१ च्या नोबेल पुरस्कारात त्यांच्या या कामाचा वाटा होता. मोठ्या मांजराचा डोळा तसाच बंद ठेवला तर तेवढं बिघडत नाही. म्हणूनच तुमच्या डॉक्टरांनी आत्तापासून दिवसभर चष्मा लावायला सांगितलं.

नुसत्या चष्म्यानं किती फरक पडतो, याचीही नीट मोजदाद झालेली आहे. दोन डोळ्यांच्या नंबरात मोठी तफावत असलेल्या, तीन ते सात वर्षांच्या ८४ मुलांना अमेरिकेत फक्त चष्मा देऊन पाहिलं. त्याचे निष्कर्ष २००६ साली आले. शंभरातल्या ७७ मुलांना तक्त्यावरच्या दोन किंवा त्याहून जास्त ओळी वाढून वाचता आल्या. २७ टक्के मुलांचा आळशी डोळा निव्वळ चष्म्यानं बरा झाला, पट्टी लावायची वेळच आली नाही. ही सगळी मुलं तुमच्या लेकीच्याच वयाच्या आसपासची होती. सुधारणा साधारण चार-साडेचार महिने चालू राहते, काहींची त्याहूनही पुढं. तुम्ही पत्र लिहिलंत तेव्हा चष्मा येऊन तीन आठवडे झाले होते, आणि त्यातला निम्मा वेळ तो दप्तरात. नंबर चुकला म्हणायला अजून खूप अवकाश आहे.

तरी यजमानांच्या शंकेतला एक भाग तपासून बघण्यासारखा आहे. नंबर बरोबर असतो आणि चष्मा चुकीचा बनतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कधी काचा उलटसुलट बसतात. कधी दुकानदार 'एवढ्याशा पोरीला पाचचा नंबर झेपायचा नाही' म्हणून आपल्याच मनानं कमी करून देतो. घरी असं करा. वर्तमानपत्र पसरा आणि चष्मा त्याच्यावर चार बोटं उंच धरा. अधिक नंबरच्या काचेतून अक्षरं मोठी दिसतात. लेकीच्या डाव्या डोळ्यापुढं येणाऱ्या काचेतली अक्षरं उजवीपेक्षा ठळकपणे मोठी दिसायला हवीत. तशी दिसत नसतील तर चिठ्ठी आणि चष्मा घेऊन डॉक्टरांकडं जा आणि मशीनवर काचांचा नंबर तपासून मागा. दोन मिनिटांचं काम आहे.

लेक 'चष्म्याशिवाय चांगलं दिसतं' म्हणते, तेही खोटं नाही. चष्मा काढला की ती सगळं उजव्या डोळ्यानं बघते आणि तो आजवर उत्तम चाललाय. चष्मा लावला की दोन्ही डोळ्यांचं बघणं बदलतं. आतले स्नायू ताणून बघायची सवय सैल व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात. पण तेवढ्यानंतरही ती कुरकुर करत असेल तर आधी फ्रेम बघा. लहान मुलांचं नाक चपटं असतं, मोठ्यांच्या मापाची फ्रेम घसरते आणि लेकरू काचेच्या वरून बघायला लागतं. चष्मा नाकावर असून नसल्यासारखा. हलकी प्लॅस्टिकची फ्रेम, न फुटणाऱ्या काचा, कानामागून जाणारा इलास्टिकचा पट्टा, एवढं करून घ्या. काचा पाण्यानं धुवा, मग मऊ सुती कापडानं टिपा. आपल्याकडं मळणीच्या दिवसांत सगळीकडं धूळ. ती पदरानं पुसली की काचेवर ओरखडे पडतात, आणि डाव्या डोळ्याला पुन्हा पुसटच चित्र जातं.

आता 'माझं काय अडलं?' याचं उत्तर. तुमच्या यजमानांचं खरंच काही अडलं नसेल, आणि त्याचा मला आनंद आहे. पण एक मुलगा माझ्या आठवणीतून जात नाही. बावीस वर्षांचा, भरतीसाठी रोज पहाटे डांबरीवर धावणारा. डोळ्यांचा दाखला घ्यायला आला होता. डावा डोळा झाकला, तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. उजवा झाकायला सांगितला तर त्यानं हात लावला, काढला, पुन्हा लावला. वरचं एकच अक्षर त्याला दिसत होतं. मी काचा बदलत गेले आणि तो म्हणत राहिला, "मॅडम, अजून नंबर वाढवा ना." माझ्या पेटीतल्या कुठल्याच काचेनं त्याला दुसरी ओळ दिसली नाही. काचेनं डोळा शिकवण्याचं वय केव्हाच निघून गेलं होतं. तोवर त्याला कुणी एक डोळा झाकून बघायला सांगितलंच नव्हतं.

तुमचा अठरा वर्षांचा प्रश्नही इथंच येतो. लेसरचं ऑपरेशन बुबुळाचा आकार बदलून नंबर घालवतं. मेंदू जे शिकलाच नाही ते लेसर शिकवू शकत नाही. या वाटेनं गेलात तर अठराव्या वर्षी नंबर शून्य झाला तरी डोळा आळशीच राहील. उलट आत्ता डोळा शिकवून घेतला, तर मोठेपणी चष्मा नको वाटल्यास लेन्स आहे, लेसर आहे. तेव्हा मागं चांगली नजर असेल आणि निवड तिची असेल.

यजमानांशी बोलताना मी नोकरी-भरतीपासून सुरुवात करणार नाही. वावरापासून करीन. कडब्याचं धस, पऱ्हाटीची काडी, बाभळीचा काटा, मळणीयंत्रातून उडालेला खडा. आपल्या भागात डोळ्याला इजा व्हायला काहीही पुरतं. ज्याचे दोन्ही डोळे शाबूत आहेत त्याचा एक गेला तर दुसऱ्यावर भागतं. तुमच्या यजमानांच्या उजव्या डोळ्याला काही झालं तर? एखाद्या संध्याकाळी, लेकीसमोर नको, त्यांना उजव्या डोळ्यावर तळहात ठेवून भिंतीवरच्या कॅलेंडरवरची तिथी वाचायला सांगा. वाद घालू नका, नुसतं वाचू द्या. आणि पुढच्या तपासणीला त्यांनाच लेकीबरोबर पाठवा. त्यांचाही नंबर काढून घ्या. असा फरक घराण्यातून येऊ शकतो, म्हणून तुमचा धाकटा मुलगा शाळेत जायची वाट न बघता आत्ताच दाखवा. अडीच वर्षांच्या लेकराला अक्षरं यावी लागत नाहीत. डोळ्यांत थेंब घालून, उजेडाच्या झोतानं नंबर काढता येतो.

सासूबाईंना गाजरावरून तोडून बोलू नका. गाजर खाऊ द्या, चांगलंच आहे. 'अ' जीवनसत्त्व कमी पडलं की रातांधळेपणा येतो, त्याला गाजर आणि पालेभाज्या उपयोगी. पाचच्या नंबराला नाहीत. फक्त मध, कांद्याचा रस, गुलाबपाणी असलं काही डोळ्यांत जाऊ देऊ नका, तिथं ठाम राहा. त्यांच्या बोलण्यात मला नातीची काळजी ऐकू येते. त्यांच्या काळात चष्म्याच्या मुलीला स्थळं नाकारलेली त्यांनी पाहिली असतील. पण ताई, एक प्रश्न तुम्ही त्यांना हळूच विचारा, आणि स्वतःलाही: हाच डोळा नातवाचा असता तर आपण थांबलो असतो का? शाळेतून सापडलेल्या मुलांना चष्मे वाटून झाले की महिन्याभरानं मी पुन्हा जायचे. चष्मा घरी पेटीत ठेवलेला असायचा तो बहुतेक मुलींचा. त्याचं मला फार वाईट वाटायचं.

चष्म्यानं नंबर वाढतो, डोळ्याला त्याची सवय लागते, हा समज मात्र सपशेल चुकीचा. पण 'चार महिन्यांनी चष्मा सुटेल' असंही वचन मी देणार नाही. डोळा शिकला तरी नंबर बहुधा राहील आणि चष्माही. लेकीला हे आत्ताच सांगून टाका. 'थोडेच दिवस' म्हणून लावलेला चष्मा मुलं पुढं रागानं फेकतात.

शाळेत बाईंना किंवा सरांना भेटा. जाताना डॉक्टरांची चिठ्ठी न्या. दप्तरातून चष्मा काढून डोळ्यावर लावायची आठवण वर्गात त्यांनीच द्यायची आहे. 'ढापणी' म्हणणाऱ्या पोरांना रागावण्यापेक्षा एक युक्ती मी बऱ्याच शाळांत करून घेतली: सगळ्या वर्गाला एक डोळा झाकून फळा वाचायला लावायचा. पोरांना मजा वाटते, आणि कधी कधी त्यातच आणखी एखादं लेकरू सापडतं. झाकायचं ते तळहातानं किंवा पुठ्ठ्यानं. बोटं ठेवली की फटीतून बघतात. आणि प्रत्येकाला वेगळी ओळ द्यायची, नाहीतर पुढच्यानं वाचलेलं मागचा पाठ म्हणून दाखवतो. चांगला डोळा झाकला की लेकरू डोकं वळवतं, हात ढकलतं, रडतं. त्याला हट्ट समजू नका.

दोन महिन्यांनी जाल तेव्हा डॉक्टर चष्म्यासकट दोन्ही डोळे वेगवेगळे तपासतील. डावा एक-दोन ओळी पुढं सरकला असेल तर बहुधा तसंच चालू ठेवा म्हणतील. सुधारणा थांबली तर उजव्या, म्हणजे चांगल्या डोळ्यावर पट्टी येईल. त्याला घाबरू नका. सहा बाय चोवीसच्या आसपासच्या नजरेला रोज दोन तासांची पट्टी सहा तासांच्या पट्टीइतकाच गुण देते, हे २००३ सालच्या अभ्यासात दिसून आलं. पट्टी कातडीला चिकटवायची आणि वरून चष्मा. काचेवर लावली तर लेकरू बाजूनं बघतं. त्या दोन तासांत काय करायचं ते घरातलंच असू द्या. सासूबाईंच्या शेजारी बसून डाळीतले खडे वेचू दे, चिंचोके मोजू दे, अंगणात खेळू दे. पट्टी शाळेत लावून पाठवायची गरज नाही. पट्टी झेपलीच नाही तर आठवड्यातून काही दिवस चांगल्या डोळ्यात अॅट्रोपिनचे, म्हणजे त्याची नजर तेवढ्यापुरती पुसट करणारे, थेंब घालायचा पर्यायही आहे, तो डॉक्टरांना विचारा. यातलं काहीही आपल्या मनानं सुरू करू नका. जास्त झाकलं तर चांगल्या डोळ्याची नजर उतरू शकते. आणि डोळा सुधारला म्हणून तपासणी सोडू नका. उपचार थांबल्यावर वर्षभरात साधारण चौघांतल्या एकाची नजर पुन्हा खाली येते. वेळेत कळलं तर ती परत मिळवता येते.

हे वाचणाऱ्या ज्या पालकांचं मूल आठ-दहा वर्षांचं आहे त्यांनीही हात टेकू नयेत. सात ते बारा वर्षांच्या मुलांत चष्म्याबरोबर पट्टी आणि थेंब दिल्यावर निम्म्याहून थोड्या जास्त मुलांची नजर दोन ओळी तरी सुधारली, नुसत्या चष्म्यानं चौथ्या हिश्शाची. लवकर तेवढं सोपं, पण सात वर्षं उलटली म्हणून दार बंद झालं असं नाही. शाळेत येणारं पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं असतं. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झाला. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येतं, आणि त्यांच्या चिठ्ठीवर पुढची तपासणी फुकट होते. त्या दिवशी लेकराला शाळा बुडवू देऊ नका. मोठ्या तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय आहे, नांदेड, लातूर आणि अंबाजोगाईची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जालन्याचं गणपती नेत्रालय आणि उदगीरचं लायन्स नेत्र रुग्णालय आहे. लहान मुलांचे डोळे तपासणारे डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते फोनवर विचारूनच निघा, म्हणजे एक मजुरीचा दिवस वाया जाणार नाही.

तुम्ही सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात बारीक अक्षरात विचारलंय की माझ्या हातून काही चुकलं का. नाही, ताई. एक डोळा थोडा आखूड राहिला म्हणून त्याचा नंबर वाढला, आणि ते कुणाच्या हातात नसतं. ग्रहणाचा त्याच्याशी संबंध नाही. मोबाईल कमी करा, पण या डोळ्याचं खापर त्याच्यावरही फोडू नका. पथकानं सांगितल्यावर तुम्ही दिवाळीच्या गडबडीत, एकटीनं, लेकराला शहरात घेऊन गेलात. तीन दिवस मलम घातलंत. उजेड सहन होत नाही म्हणून ती रडत असताना तिला पदराखाली घेऊन एसटीत बसलात, असं तुम्हीच लिहिलंय.

आणि दिराचं लग्न. चार दिवस चष्मा नसल्यानं डोळ्याचं कायमचं नुकसान होणार नाही. पण घरात सगळे पाहुणे जमलेले असताना आईनंच चष्मा काढून ठेवला, तर फोटोत आपण चष्म्याशिवायच चांगल्या दिसतो हे लेक कायमचं शिकेल. शहरात कपडे घ्यायला जाल तेव्हा तिला चष्म्याच्या दुकानात न्या आणि दुसरी फ्रेम तिच्याच पसंतीची घ्या, परकराच्या काठाला शोभेल अशी. एक तुटली तर दुसरी हाताशी राहीलच. हळद लावताना मात्र तेवढ्यापुरता चष्मा बाजूला ठेवा. हळदीचे डाग फ्रेमवरून लवकर निघत नाहीत.